अर्ध्या तासाच्या फेरीतली सहा मिनिटं : मोठ्या आकाशपाळण्यात बसायला निघालेल्या पुणेकरांसाठी

मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी या दोन मोसमांत पुण्यातून परदेशी निघणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात एक ओळ हमखास असते. लंडनला जाणार असतील तर ‘लंडन आय’, सिंगापूरला ‘सिंगापूर फ्लायर’, दुबईला ‘ऐन दुबई’. तिकीट महाग, फेरी एकच, आणि परत आल्यावर बहुतेकांच्या मोबाइलमध्ये काचेत उमटलेल्या स्वतःच्याच मोबाइलचे फोटो. याचं कारण साधं आहे. जत्रेतल्या पाळण्यात बसावं तसं आपण यातही बसतो, म्हणजे नंबर लागला की चढायचं. पण हे पाळणे मजेसाठी कमी आणि पाहण्यासाठी जास्त बांधलेले आहेत. त्यातलं निम्म्याहून अधिक काम पुण्यात घरी बसूनच उरकतं: कुठल्या पाळण्यात, कुठल्या महिन्यात, किती वाजता, आणि आत शिरल्यावर कुठल्या बाजूला.

आधी वर्तुळाचा हिशोब

पाळणा संथ आणि एकसारख्या गतीने फिरतो, त्यामुळे कोणत्या उंचीवर किती वेळ मिळणार हे कागदावर काढता येतं. अर्ध्या तासाची फेरी धरा. आसाच्या वर तुम्ही बरोबर पंधरा मिनिटं असता. एकूण उंचीच्या पाऊण भागाच्या वर दहा मिनिटं. आणि वरच्या दहा टक्क्यांत, जिथून खरा देखावा दिसतो तिथे, जेमतेम सहा मिनिटं. घड्याळात सांगायचं तर बाराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत. चढल्यावर पहिली पाच मिनिटं गेली तरी पाळण्याच्या उंचीचा पाव भागच गाठलेला असतो, त्यामुळे सुरुवातीलाच काचेपाशी गर्दी करणाऱ्यांना खुशाल करू द्या.

दुसरा हिशोब क्षितिजाचा. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की हवा स्वच्छ असताना किती किलोमीटरवर क्षितिज दिसेल ते कळतं. लंडन आय १३५ मीटर उंच, म्हणजे सुमारे ४१ किलोमीटर. शनिवारवाड्यापासून सरळ रेषेत जेजुरी साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. मध्ये दिवेघाटाचे डोंगर नसते तर तेवढ्या उंचीवरून खंडोबाचा गड दिसला असता. सिंगापूर फ्लायर १६५ मीटर, क्षितिज ४६ किलोमीटर. ऐन दुबई २५० मीटर, क्षितिज ५६ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे जवळपास लोणावळा. गंमत अशी की दुबईचा पाळणा लंडनच्या जवळजवळ दुप्पट उंच असूनही नजर मात्र दीडपटसुद्धा लांब जात नाही. त्यामुळे केवळ ‘जगात सर्वांत उंच’ म्हणून पाळणा निवडू नये. उंचीपेक्षा त्या दिवशीची हवा आणि खाली पाहण्यासारखं काय आहे, हे जास्त महत्त्वाचं.

पुण्यातली रंगीत तालीम

या जातीचा पहिला मोठा पाळणा जॉर्ज फेरिस या अमेरिकी अभियंत्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी बांधला. उंची २६४ फूट, म्हणजे ८० मीटर. छत्तीस डबे आणि प्रत्येकात साठ माणसं. आपली पर्वती आसपासच्या सपाटीपासून साधारण तेवढीच वर आहे. तेव्हा जाण्याच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळं कुटुंब घेऊन पर्वती चढा. फुकट आहे, आणि त्यातून तीन गोष्टी कळतात.

पहिली, घरातल्या कोणाला उंचीची भीती वाटते. कठड्यापाशी उभं राहून खाली पाहताना कोण मागे सरकतं ते नीट बघा, कारण तोंडाने कोणी कबूल करत नाही. दुसरी, हवेचा अंदाज. नैऋत्येला सिंहगड दिसतो का ते पाहा. पावसाची एखादी सर पडून गेल्यावर तो लख्ख दिसतो आणि थंडीतल्या धुरकट सकाळी अजिबात दिसत नाही. परदेशातल्या पाळण्याचंही तसंच होतं. तिसरी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट: सूर्य मावळल्यावर किती मिनिटांत दिवे उठून दिसायला लागतात आणि किती मिनिटांत आकाश पार काळं होतं, याचं घड्याळ लावा. निळसर उजेड आणि दिवे एकत्र असण्याची ती मधली वेळ पुण्यात वीस-पंचवीस मिनिटांची असते. सिंगापूर आणि दुबईलाही जवळपास तेवढीच. लंडनला उन्हाळ्यात ती लांबते.

ज्यांना पाळणा म्हटलं की पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी: तो गोळा उंचीचा कमी आणि वेगाचा जास्त असतो. जत्रेतला पाळणा झपकन खाली येतो आणि उघडी डबी झोके खाते. लंडन आय सेकंदाला २६ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाचा जेमतेम पाचवा हिस्सा. शिवाय कॅप्सूल, म्हणजे माणसांना नेणारी काचेची डबी, बंद, वातानुकूलित, आणि मोटरीने सतत सपाट ठेवलेली. आत हिंदकळणं जवळपास नाही. तेव्हा ‘चतुःशृंगीच्या जत्रेत मला चक्कर आली होती’ हे कारण इथे चालत नाही. उलट काचेशी उभं राहून खाली बघवत नाही अशी भीती असेल, तर ती मात्र खरी अडचण आहे. त्यावरचा उपाय पुढे देतो.

पाळणा चालू आहे ना?

हे आधी तपासा, विमानाच्या तिकिटाच्याही आधी. ऐन दुबई २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, २०२२ च्या मार्चमध्ये बंद पडला आणि थेट २०२४ च्या अखेरीस पुन्हा फिरू लागला. मधल्या काळात तिथे गेलेल्यांनी तो खालूनच पाहिला. मेलबर्नचा ‘मेलबर्न स्टार’ तर २००८ च्या डिसेंबरमध्ये सुरू होऊन दीड महिन्याच्या आत तडे गेल्यामुळे बंद झाला, पाच वर्षांनी पुन्हा उघडला आणि २०२१ मध्ये कायमचा थांबला. लंडन आय दरवर्षी साधारण जानेवारीत देखभालीसाठी काही दिवस बंद असतो. पाळण्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तारीख टाकून तिकीट मिळतंय का ते पाहा. जुन्या प्रवासवर्णनांवर किंवा नातेवाइकांच्या आठवणींवर विसंबू नका.

कोणता निवडावा

तीन शहरांतलं एकच परवडणार असेल आणि पाळणा हेच मुख्य आकर्षण असेल, तर माझं मत लंडन. नदीच्या काठावर आहे, खाली पाहण्यासारखं जुनं शहर आहे आणि बांधणीच वेगळी आहे. डेव्हिड मार्क्स आणि जुलिया बारफिल्ड या वास्तुविशारद दांपत्याने त्याची कल्पना मांडली. चाकाला आधार फक्त एका बाजूने, त्यामुळे दुसऱ्या बाजूने तो नदीवर अधांतरी उभा असल्यासारखा दिसतो. आरे म्हणजे ताणलेल्या पोलादी तारा, अगदी सायकलच्या चाकासारख्या. ज्या शहरात एके काळी घरटी सायकल होती तिथल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कॅप्सूल बत्तीस, पण क्रमांक तेहेतीसपर्यंत जातात, कारण तेरा वगळला आहे. अपशकुन आपल्याकडेच मानतात असं नाही. सिंगापूरच्या फ्लायरची तर सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच, २००८ मध्ये, फेंगशुईच्या, म्हणजे चिनी वास्तुशास्त्राच्या, सल्ल्याने फिरण्याची दिशाच उलटी केली.

सिंगापूर सर्वांत सोयीचा: सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे वेळेचं गणित सोपं. मोठ्या कॅप्सूल, एकेका कॅप्सूलमध्ये अठ्ठावीस माणसांची जागा. दुबईचा उंच आणि फेरीला सुमारे ३८ मिनिटं घेणारा, पण धूळ असेल तर समोरचं पाम जुमेरा हे ताडाच्या आकाराचं कृत्रिम बेटही पुसट होतं. व्हिएन्नाचं ‘रीझनराड’ १८९७ सालचं, ६५ मीटरचं, लाकडी खोल्यांसारखे डबे असलेलं. इतिहासाची आवड असेल तर नक्की. जपानमध्ये योकोहामा आणि ओसाकाला ११२ मीटरचे पाळणे आहेत. त्यांची छोटी डबी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळते, अनोळखी वीस माणसांत उभं राहावं लागत नाही. ज्यांना गर्दीत मोकळं वाटत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. लास वेगासचा ‘हाय रोलर’ रात्रीच बघायचा, दिवसा त्यात फारसा अर्थ नाही.

पुण्यातच असा पाळणा का नाही, असं कोणी विचारतं. वेताळ टेकडीवर पहाटे जाऊन या, मग पुन्हा विचारा.

महिना आणि घटका

हा भाग घाईने वाचू नका, पैसे इथेच वसूल होतात किंवा बुडतात.

आपल्याला शाळेच्या सुट्ट्यांबाहेर जाता येत नाही, म्हणून दोनच मोसम धरतो. मे महिन्यात लंडनला सूर्य साडेआठ ते नऊच्या दरम्यान मावळतो. तोवर शेवटची फेरी होऊन गेलेली असण्याची शक्यता बरीच. म्हणून मेमध्ये लंडनला सूर्यास्ताचा हट्ट सोडा आणि सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एक घ्या. पार्लमेंट आणि बिग बेन पाळण्याच्या नैऋत्येला, नदीपलीकडे आहेत. सकाळचं ऊन पूर्वेकडून त्यांच्या तोंडावर येतं आणि दगड सोनेरी दिसतो. दुपारनंतर तीच इमारत सूर्यासमोर काळी पडते. सेंट पॉल कॅथीड्रल मात्र ईशान्येला, त्याला दुपारनंतरचं ऊन लागतं.

दिवाळीत चित्र पालटतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारलाच सूर्य बुडतो, तोही जवळपास पार्लमेंटच्याच दिशेने. त्या दिवसांत चारच्या सुमाराची फेरी मिळाली तर एकाच तिकिटात ऊन, सूर्यास्त आणि दिवे असं तिन्ही. अट एकच, ढग नसावेत. लंडनमध्ये ही अट मोठी आहे.

दुबई मेमध्ये टाळावी, उष्मा आणि धुळीचं धुरकं दोन्ही असतं. दिवाळीच्या आसपास हवा सुधारते, सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान थेट समुद्रात उतरतो. बुर्ज खलिफा तिथून सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर ईशान्येला आहे, त्यामुळे तो बोटभर दिसेल. तो मोठा दिसेल या अपेक्षेने जाऊ नका.

सिंगापूरला दोन्ही मोसमांत दुपारी वळीव कोसळतो. विजा चमकत असल्या की फेऱ्या थांबतात. पाऊस बहुधा दुपारी पडून संध्याकाळी उघडतो, म्हणून सहा-साडेसहाची वेळ बरी. सूर्य शहराच्या उंच इमारतींमागे मावळतो, आणि तुमच्या पायाशी फॉर्म्युला वनच्या शर्यतीची पिट इमारत, म्हणजे शर्यतीच्या गाड्या चाकं बदलायला थांबतात ती जागा, असते. घरात शर्यतींचं वेड असलेलं पोर असेल तर त्याला आधी सांगू नका.

वेळ ठरवायची पद्धत अशी. सूर्यास्ताची नेमकी वेळ शोधा. त्यानंतर दहा मिनिटांनी तुम्ही शिखरावर असायला हवं, कारण दिवे तेव्हा लागलेले असतात आणि आकाश अजून निळं असतं. शिखरावर पोचायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे चढायची वेळ सूर्यास्ताच्या पाच मिनिटं आधी. तिकिटावरची वेळ मात्र रांगेत शिरण्याची असते, चढण्याची नव्हे. रांग, पिशव्यांची तपासणी यांत अर्धा ते पाऊण तास धरा. म्हणजे सात वाजता सूर्यास्त असेल तर सव्वासहाच्या आसपासचं तिकीट. थोडं लवकर चढलात तरी हरकत नाही, उशीर झाला तर खाली फक्त दिव्यांचे ठिपके उरतात.

तिकीट

आधी ऑनलाइन काढलेलं तिकीट बहुधा खिडकीवरच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं, आणि हवी ती वेळ मिळते. रांग टाळण्याचं महागडं तिकीट सुट्टीच्या शनिवार-रविवारी घ्यावं, एरवी नाही. शॅम्पेन, खासगी कॅप्सूल वगैरे प्रकार लग्नाच्या वाढदिवसासाठी ठीक. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका: आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात.

ग्रुप टूरने जात असाल तर तिकीट त्यांच्याकडे असतं, पण प्रश्न तुम्हीच विचारायचा. ‘लंडन आय आहे ना?’ असं विचारू नका, उत्तर हो असंच येणार. ‘किती वाजताची फेरी आहे?’ असं विचारा. बसच्या सोयीने भर दुपारी बसवणार असतील तर आधीच कळलेलं बरं. मग त्या दिवशी गटासोबत फिरून, संध्याकाळचं वेगळं तिकीट स्वतः काढायचं की नाही ते ठरवता येतं.

त्या दिवशी

बाथरूमला जाऊन या. हे पहिलं. कॅप्सूलमध्ये सोय नसते. २००८ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूर फ्लायर बिघाडामुळे थांबला तेव्हा १७३ माणसं जवळपास सहा तास वर अडकली होती. असं क्वचितच होतं, पण आजोबा-आजी आणि लहान मुलं सोबत असतील तर धोका कशाला पत्करायचा?

पिशवी हलकी ठेवा. तपासणी विमानतळासारखी असते. आजोबांच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता नक्की अडकणार, तो हॉटेलवर ठेवा. खाण्याचे डबेही बाहेरच. भाकरवडीचं पाकीट पिशवीच्या तळाशी बंद असेल तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण आत उघडू नका. बंद काचेच्या डब्यात तो वास पंचवीस माणसांना अर्धा तास सोसावा लागेल.

लंडन आणि सिंगापूरचे पाळणे माणसं चढताना थांबत नाहीत, हळू सरकत राहतात. तरुणांना त्यात काही वाटत नाही. गुडघेदुखीच्या आजींना मात्र वाटतं. रांगेतच कर्मचाऱ्यांना सांगा, व्हीलचेअरसाठी किंवा चालायला त्रास असलेल्यांसाठी ते चाक थांबवतात किंवा संथ करतात. ऐन दारात सांगितलं तर त्यांना वेळ मिळत नाही.

आत शिरल्यावर

दार बंद झाल्यावर लगेच काचेला चिकटू नका, आधी दिशा ठरवा. फोनवरचा नकाशा घरूनच उतरवून ठेवलेला असला की कोणती इमारत कुठे हे पटकन लागतं. पहिली दहा मिनिटं मुलांना काचेपाशी उभं करा, त्यांना खालची माणसं लहान होताना बघायची असतात. बाराव्या मिनिटाला तुम्ही पुढे व्हा. शिखराजवळ पुढची आणि मागची कॅप्सूल दोन्ही तुमच्या पातळीच्या खाली जातात आणि चहूकडे मोकळं दिसतं.

ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी मधल्या बाकावर बसावं आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. खाली पाहण्यापेक्षाही त्रासदायक म्हणजे शेजारी सरकणाऱ्या पोलादी चौकटीकडे पाहणं, कारण तेव्हाच आपण लटकलेले आहोत हे जाणवतं. पाठ तिकडे करा. शिखर ओलांडलं की बहुतेकांची भीती उतरते आणि ते स्वतःहून उठतात.

फोटोसाठी: फ्लॅश बंद, कायमचा. मोबाइलची लेन्स काचेला अगदी टेकवा, किंवा लेन्सभोवती हाताचा आडोसा करा. अंगात गडद कपडे घाला. पांढरा शर्ट आणि भरजरी साडी दोन्ही काचेत उमटतात. (साडी नेसूनच फोटो हवा असेल तर तो पाळण्याबाहेर, नदीकाठी काढा, पाळणाही त्यात येतो.) कॅमेऱ्यावर पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा, वाकवलेल्या काचेतून त्याने इंद्रधनुषी पट्टे येतात. आणि शिखरावरच्या सहा मिनिटांपैकी निदान दोन मोबाइल खिशात ठेवून काढा.

पाळणा बंद असलाच तर

वारा, विजा किंवा बिघाड. तिघांवर कोणाचा इलाज नाही. पैसे परत की दुसरी वेळ, हे तिकिटाच्या अटींत आधीच वाचून ठेवा. पाळण्याचा दिवस मुक्कामाच्या शेवटी ठेवू नका, म्हणजे दुसऱ्या दिवशीची वेळ मागता येते. तेही जमलं नाही तर लंडनला फेनचर्च स्ट्रीटवरच्या इमारतीतलं ‘स्काय गार्डन’ आहे, फुकट आहे, फक्त आधी नोंदणी लागते. सिंगापूरला मरीना बे सँड्सची ५७ व्या मजल्यावरची गच्ची, आणि दुबईला पामवरचं ‘द व्ह्यू’, तेही ५२ व्या मजल्यावर. विजा असतील तर सिंगापूरची उघडी गच्चीही बंद होते, त्या दिवशी सरळ जेवायला जा.